साक्षीसारखा लिहिलेला अर्ज

"पाळकबाबा, ज्या राजानं गरिबाचा द्राक्षमळा लाटला, तो राजाही देवानंच नेमलेला होता का?"

रिबकानं विचारलं आणि धुळ्याच्या मिशन शाळेतला रविवारचा वर्ग माना वळवून तिच्याकडे बघू लागला. आदल्या संध्याकाळी बोर्डिंगातल्या मुलींनी तिला डिवचलं होतं, की आमच्यापुढे तुझी जीभ भारी चालते, लीलाधर पाळकांपुढे चालवून दाखव. सत्ता देवाकडून येते, तिच्या आज्ञेत राहा, असं पाळकांनी मागच्याच रविवारी शिकवलं होतं. आणि ह्या रविवारी बायबलातला हा मळा लाटणारा राजा!

पाळक रागावले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

"नेमला देवानंच," ते म्हणाले, "पण मळा राजाचा नव्हता. बापजाद्यांकडून आलेली जमीन देवाच्या हातची. राजा राखणदार. तो मालक होऊन बसला, की देवाच्या जागेवर बसतो."

"मग त्या माणसाला मळा परत मिळाला?"

"नाही. त्याला तर आधीच मारून टाकलं होतं."

ह्या शेवटच्या उत्तराकडे रिबकाचं लक्षच नव्हतं. ती मैत्रिणींकडे बघून डोळे मिचकावत होती. पुढे आठवडाभर तिचे पाय काही जमिनीला लागले नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती साक्रीच्या वरच्या डोंगरातल्या आपल्या पाड्यावर आली, तेव्हा घरात सुतकासारखी शांतता होती. सरकारनं राखीव जंगलाची रेघ नव्यानं आखली होती आणि तिचा बाप खेमा ह्याचं वावर त्या रेघेच्या आत गेलं होतं. आजोबांनी दगड वेचून वेचून केलेलं ते वावर. त्यातली नागली खाऊनच घर जगत होतं. ज्याची हरकत असेल त्यानं तीन महिन्यांत लिहून द्यावी, अशी दवंडी झाली होती आणि तिसरा महिना सरत आला होता.

"एवढंच ना?" रिबका म्हणाली. "मी लिहिते."

शेजारच्या वावराचे धनी तेरसिंगकाका, म्हणजे खेमाचा थोरला भाऊ. ते बाप्तिस्मा न घेतलेले. त्यांनी साक्रीच्या लिहिणाऱ्याकडून चार ओळी खरडून घेतल्या होत्या, अमक्या मोहाच्या झाडापासून वाघदेवाच्या दगडापर्यंत माझं वावर, आणि खाली अंगठा. रिबकाला त्या चार ओळींचं हसू आलं. तिनं चार पानं लिहिली.

आणि लिहिली कशी? प्रार्थनासभेत माणूस उभा राहून साक्ष देतो, तशी. तिला लिहिण्याची तीच एक थोर रीत ठाऊक होती. आधी आपण कोण होतो, मग देवानं कसं वळवलं, मग मागणं. तिनं मनापासून लिहिलं, की माझे वडील पूर्वी अंधारात होते. आमच्या वावराच्या हद्दीवरही शेंदूर फासलेला वाघदेवाचा वेगळा दगड होता, त्याला ते कोंबडं कापत. चार वर्षांपूर्वी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्याच दिवशी सगळ्यांसमक्ष तो दगड स्वतःच्या हातांनी उपटून नाल्यात लोटला. त्याखाली पाळकांचं ते राजाचं आणि राखणदाराचं बोलणंही घातलं. वाचून दाखवताना तिचाच आवाज भरून आला. गुंताबाईनं, तिच्या आईनं, पदरानं डोळे पुसले.

चौकशीचे साहेब साक्रीला तंबू ठोकून बसले होते. तेरसिंगकाकांचा दगड जागेवर होता, शिपाई बघून आला, काम झालं. मग खेमाचा अर्ज. साहेबांनी चारही पानं वाचली, दुसऱ्या पानावर बोट ठेवलं आणि खेमाला विचारलं, दगड तूच उपटलास? खेमा ताठ उभा राहिला. हे तर तो दर सभेत सांगायचा.

"हो साहेब. मीच."

"म्हणजे हद्दीला खूण नाही. जी होती ती अर्जदारानंच काढली, असं अर्जदारच लिहितो. जमीन सरकारची."

रिबका मागून म्हणाली, की पण साहेब, सरकार राखणदार आहे. साहेबांनी मान वर केली नाही. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं गेलं.

बाहेर शिरस्तेदार मागोमाग आला. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, की निकालाचा कागद आठवड्यानं निघेल. तोवर दुसरा अर्ज आणा. दगड पुरात वाहून गेला, पोरीनं पहिल्यांदा भलतंच लिहिलं, एवढं म्हणा. पुढचं मी बघतो.

 घरी तेरसिंगकाका ओट्यावर वाट बघत होते. शिरस्तेदाराचं बोलणं ऐकून त्यांना हायसं वाटलं.

"खरंच शे ना," ते म्हणाले. "दगड तठेच पडेल शे, नालामा. कोण म्हणी पूर नही उना?" दगड नाल्यातच पडलाय, पूर आला नव्हता असं कोण म्हणणार, हा त्यांचा हिशेब.

गुंताबाईनं दौत आणून रिबकापुढे ठेवली. खेमा भिंतीला टेकून बसला होता. सहा दिवस ती दौत तिथंच होती. आई रोज एकदा त्या दौतीकडे बघायची. बापानं तर वावराकडे जाणंच सोडलं. रिबकाला वाटायचं, त्यानं ओरडावं, कानफटात द्यावी, तुझ्या चार पानांनी घर बुडवलं म्हणावं. तो म्हणाला नाही. रात्रीच्या प्रार्थनेत मात्र दगडाची गोष्ट सांगायचा तो थांबला. आणि हेच तिला सोसेना. वावर सरकारनं नेलं होतं. पुराचं लिहिलं, तर बापाचा तो एकच मोठा दिवसही आपल्याच हातांनी पुसायचा. आणि मग वावर आपलं म्हणून राहणार नव्हतं, खोटं बोललो म्हणून साहेबानं दिलेलं राहणार होतं.

देवाला तिनं विचारून पाहिलं. देव काही बोलला नाही.

सातव्या दिवशी भाकरी झाल्यावर ती आईबापासमोर उभी राहिली. वर्गात उभी राहायची तशी नव्हे. हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

"बा, माय, मी दुसरा अर्ज लिहिणार नाही," ती म्हणाली. "वावर जाईल. नागली नसली तर मला बोर्डिंगात कशावर ठेवाल? म्हणून मी धुळ्याला परत जात नाही. सोमवारपासून जंगलखात्याच्या लाकूडतोडीवर माणसं घेणार आहेत. तुम्हाला आता तिथंच जावं लागेल, मी तुमच्याबरोबर येते."