आमचं चुकलं

वर्तमानपत्रात चुका करायला शेकडो हात असतात, त्या निस्तरायला मात्र एकच टेबल असतं. इथं ते टेबल झेरॉक्सच्या यंत्रामागं, खिडकी नीट न लागणाऱ्या कोपऱ्यात होतं आणि त्यावर मावशी बसायची. मावशी म्हणजे खरं तर एकाच मुलीची मावशी. पण ती भाची बातमीदार म्हणून लागली, भर कचेरीत तिला 'मावशी' म्हणून हाक मारू लागली आणि आठवड्याभरात संपादकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी ते नातं फुकटात उचललं. मावशीनंही हरकत घेतली नाही. तिच्या कोपऱ्यात येणारा प्रत्येक जण चिडलेला असायचा, आणि मावशी म्हटल्यावर माणसाला फार वेळ चिडून राहता येत नाही.

तिच्या सदराचं नाव 'आमचं चुकलं'. आतल्या पानावर, हवामानाच्या खाली, चार बोटांची जागा. एका निवृत्त मुख्याध्यापकांना वर्तमानपत्रानं दिवंगत करून टाकलं होतं, त्यांना दुसऱ्या दिवशी याच जागेत परत आणलं गेलं. सदराचे नियम मावशी येण्याच्या आधीपासूनचे होते. आधी काय छापलं होतं ते जसंच्या तसं सांगायचं. मग खरं काय ते सांगायचं. ज्यानं तक्रार केली त्याला छापण्याआधी फोनवर वाचून दाखवायचं आणि त्याचा होकार घ्यायचा. खाली कुणाचंही नाव घालायचं नाही, कारण चूक साऱ्या वर्तमानपत्राची असते. मावशीच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरी भाजी खारट झाली तरी ती आधी काय बेत होता ते सांगायची आणि मगच दिलगिरी व्यक्त करायची.

भाचीला ती भिंगरी म्हणायची. लहानपणी एका जागी बसत नव्हती म्हणून म्हणायची, आणि मोठेपणीही त्यात दुरुस्ती करायची वेळ आली नाही. मावशीकडेच राहायची, तिच्याच डब्यातलं खायची आणि स्कूटरवरून गावभर हिंडायची. तिनंच ती जॅकेटांची बातमी आणली होती.

देशभरच्या प्रवासी बोटींसाठी जलवाहतूक मंडळानं नवी लाइफ जॅकेटं घेतली होती. ती तरंगतात का, हे बघायला मंडळाच्या अध्यक्षांसमोर एका पोहण्याच्या तलावात चाचणी झाली. जॅकेटांना दगड बांधले नव्हते, माणसं घातली नव्हती, नुसती पाण्यात सोडली होती. त्यातली बहुतेक शांतपणे तळाशी जाऊन बसली. तरी अध्यक्षांनी कागदावर सही केली आणि जॅकेटं बोटींवर गेली. तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोहायला शिकवणारे मास्तर उभे होते. त्यांना सगळं दिसलं होतं, ऐकू मात्र काही आलं नव्हतं. भिंगरीनं त्यांच्याकडून कळलेलं लिहिलं, मास्तरांनी काढलेले फोटो छापले आणि देशभर गदारोळ उडाला.

गदारोळ उडाला, पण भलत्याच गोष्टीवर. टीव्हीवर रोज आठ-आठ माणसं चौकटींत बसून एकमेकांवर तुटून पडू लागली. हा खलाशांचा अपमान आहे का? ही बातमी आत्ताच का आली? बातमीदाराच्या आजोबांचा पक्ष कोणता होता? एक पाहुणे तर जॅकेट घालूनच चर्चेला आले आणि तासभर बोलून सुखरूप घरी गेले. स्टुडिओत पाणी नसल्यामुळे त्या जॅकेटानं काम चोख बजावलं. जॅकेट तरंगतं का, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही.

आणि मग एका सकाळी भिंगरीला फोन आला. आवाज अगदी सभ्य. "ताई, तुम्ही स्कूटरवरून जाता ना? पुलाच्या वळणावर जरा सांभाळून. बातमी खोटी होती असं छापून आलं, की रस्ते आपोआप सुधारतात बघा." भिंगरीनं कचेरीत येऊन त्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून दाखवली आणि सगळ्यांना हसवलं. मावशी हसली नाही. पोलिसांत तक्रार दिली तर तिथल्या हवालदारानं सगळं शांतपणे लिहून घेतलं आणि शेवटी स्कूटरचे कागद मागितले.

संध्याकाळी मावशीच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे भिंगरीच्या आईचा फोन आला.

"तूच तिला हे खूळ लावलंस," ताई म्हणाली. "आता तूच काढ."

"मी काय काढणार? माझं ऐकते का ती?"

"तुझ्या हातात ते सदर आहे ना? छाप की, चुकलं म्हणून. ऊठसूट मेलेली माणसं जिवंत करतेस, पोरीसाठी चार ओळी जड झाल्या?"

मावशीच्याही मनात दिवसभर तेच घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी संपादक तिच्या टेबलाशी आले. हा माणूस मनानं वाईट नव्हता, फक्त मालकांचा फोन आला की त्यांना बसल्या जागी घाम फुटायचा. कुठल्याही वादात ते दोन्ही बाजूंच्या इतके मधोमध उभे राहायचे, की दोन्हीकडून मार बसायचा.

"मावशी, मंडळाच्या अध्यक्षांच्या पीएंची रीतसर तक्रार आली आहे," ते म्हणाले. "बातमी चुकीची आहे म्हणतात. मालकांचं म्हणणं, आजच्या आज दुरुस्ती टाका. संपूर्ण बातमी निराधार होती, एवढं एक वाक्य पुरे."

"मग भिंगरीचं काय?"

संपादक झेरॉक्सच्या यंत्राकडे बघू लागले. "तिला काही दिवस पाककृतींच्या पानावर बसवू."

म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. स्वतःच्याच वर्तमानपत्रानं खोटं पाडलेल्या बातमीदाराला पुढं कुणी दारात उभं करत नाही. भिंगरी जन्मभर पाककृती लिहील, आणि तिला साधा भातही धड जमत नाही. पण पुलाच्या वळणावरून ती रोज नीट घरी येईल. मावशीला भिंगरी जिवंत हवी होती. खरं सांगायचं तर त्या घडीला तिला बोटींतल्या माणसांचं काही पडलेलं नव्हतं.

"देते लिहून," ती म्हणाली.

आणि तिनं लिहायला घेतलं. 'जॅकेटांच्या चाचणीची आमची बातमी निराधार होती. वस्तुस्थिती अशी आहे की' इथवर पेन सरळ आलं आणि थांबलं. वस्तुस्थिती कशी आहे? खरं काय ते लिहिल्याशिवाय सदर पुरं होत नव्हतं, आणि जॅकेटं तरंगली असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. तक्रारीच्या पत्रातही नव्हतं. धाडस वगैरे काही तिच्या डोक्यात नव्हतं. रकाना अर्धा राहिला की तिला करमत नसे, इतकंच. अशा वेळी ती जे नेहमी करायची तेच तिनं केलं. तक्रारदाराला फोन लावला.

पीए स्वतःच फोनवर आले. आवाजाला इस्त्री केलेली.

"तुमची तक्रार मिळाली," मावशी म्हणाली. "दुरुस्ती छापायची आहे. कुठलं वाक्य चुकलंय?"

"सगळीच."

"सगळी एकदम नाही दुरुस्त करता येत. जागा कमी असते. मी वाचते, तुम्ही थांबवा." आणि तिनं बातमी वाचायला सुरुवात केली. "चाचणीच्या वेळी अध्यक्ष तलावाच्या काठावर उभे होते."

"चूक. साहेबांना खुर्ची दिली होती. मीच आणून दिली."

"बसले होते," मावशीनं लिहून घेतलं. "तुम्ही होता म्हणजे तिथं?"

"मी नसलो तर साहेबांचं पान हलत नाही, बाई."

"बरं झालं. जॅकेटं पाण्यात सोडल्यावर त्यांतली बहुतेक बुडाली. हे?"

पीए जरा अडखळले. "त्याचं मला काही सांगता येणार नाही. तो तांत्रिक भाग आहे. पुढं वाचा."

"अध्यक्षांनी हा प्रकार पाहून काहीही न बोलता कागदावर सही केली."

इथं मात्र पीए भडकले. इतका वेळ दाबून धरलेली इस्त्री एका झटक्यात विस्कटली. "हेच. हे वाक्यच खोडसाळ आहे. साहेब काय मुके आहेत? न बोलता सही करायला ते काय कारकून आहेत? साहेबांच्या नजरेतून काही सुटत नाही. त्यांनी तिथल्या तिथं स्पष्ट आदेश दिले होते."

"काय आदेश दिले?"

"साहेब म्हणाले, ओली झालीत, वाळवा आणि पाठवून द्या. माझ्यासमोर म्हणाले."

मावशीचं पेन क्षणभर हवेतच राहिलं. मग तिनं ते शब्द तसेच्या तसे उतरवले. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं.

"आमच्याकडे वाचून दाखवायचा रिवाज आहे," ती म्हणाली, आणि तिनं सगळं सावकाश वाचून दाखवलं. "असंच छापू?"

"असंच छापा," पीए समाधानानं म्हणाले. "आणि खुर्चीचं विसरू नका."

फोन ठेवल्यावर मावशीनं दोन्ही कागद समोर मांडले. अर्ध्यावर सोडलेला पहिला कागद तिच्या डाव्या हाताला होता, हा उजव्या. डावा छापला तर भिंगरी सुखरूप. उजवा छापला तर तो सभ्य आवाज पुन्हा येणार, आणि येणार तो भिंगरीकडेच, कारण नाव तिचं छापलेलं आहे. मावशीला रडू आलं. ते तिनं कुणाला दिसू दिलं नाही. त्या यंत्रामागं नाही तरी कुणाला काही दिसत नसे. मग तिला बोटीत बसलेली माणसं दिसू लागली. मघाशी ज्यांचं काही पडलेलं नव्हतं तीच, पोरंबाळं मांडीवर घेऊन बसलेली, अंगात ती वाळवलेली जॅकेटं घातलेली. तिनं डोळे पुसले, उजव्या कागदाखाली एक ओळ वाढवली आणि संपादकांकडे गेली.

संपादकांनी वाचलं. पुन्हा वाचलं. "मावशी, मालकांनी हे नव्हतं मागितलं."

"मालकांनी दुरुस्ती मागितली. ही दुरुस्तीच आहे. तक्रारदाराचा होकार घेतलाय."

"आणि खाली हे नाव? आपल्या सदरात नाव घालत नाहीत."

"माहीत आहे. हा एक नियम मी मोडतेय. फोन करणाऱ्याला शोधाशोध नको."

संपादकांनी नाकावरचा चष्मा काढून खिशात घातला. "आज माझा चष्मा घरीच राहिलाय," ते म्हणाले. "मला यातलं अक्षर दिसत नाही. तुम्हीच काय ते पानावर लावा."

सकाळी हवामानाच्या खाली छापून आलं: 'अध्यक्ष तलावाच्या काठावर उभे होते आणि जॅकेटं बुडालेली पाहून त्यांनी काहीही न बोलता सही केली, असं आम्ही छापलं होतं. प्रत्यक्षात अध्यक्ष खुर्चीत बसले होते. ते गप्प नव्हते. ते म्हणाले, "ओली झालीत, वाळवा आणि पाठवून द्या." आमचं चुकलं.' खाली मावशीचं नाव होतं, आडनावासकट.

दुपारपर्यंत ते चार बोटांचं सदर देशभर फिरलं. टीव्हीवरच्या आठही चौकटी प्रथमच एकाच वेळी गप्प झाल्या, पाचेक सेकंद का होईना. मंडळानं जॅकेटं परत मागवली, कारण दिलं तांत्रिक. ताईचा फोन आला, ती मावशीला नाही नाही ते बोलली आणि शेवटी म्हणाली, "जेवलीस का?"

भिंगरी मात्र हसतही नव्हती, नक्कलही करत नव्हती. मावशीच्या टेबलाच्या कडेवर बसून ती त्या छापील नावाकडे बघत होती. "माझ्यावरचं तू स्वतःवर ओढून घेतलंस," ती म्हणाली. "मला विचारलंसुद्धा नाहीस."

"तू मला विचारून तलावावर गेली होतीस?"

तेवढ्यात फोन वाजला. भिंगरीनं हात पुढं केला, पण मावशीनं तिचा हात बाजूला सारून रिसीव्हर उचलला.

"ती दुरुस्ती छापणारी बाई कोण?" आवाज अगदी सभ्य होता. भिंगरीनं नक्कल अगदी बरोबर केली होती.

मावशीला भीती वाटत नव्हती असं म्हटलं तर तेही एक दिवस दुरुस्त करावं लागेल. तिनं कोरा कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं.

"मीच," ती म्हणाली. "बोला. कुठलं वाक्य चुकलंय?"

पलीकडे कुणीच काही बोलेना. मावशी पेन धरून थांबली.