टिंटोच्या दातातलं पान

ऐका जरा, मी बोलतेय, डिफेनबाकिया! हिरव्या पानांवर पांढरे शिंतोडे असलेली, बैठकीच्या कोपऱ्यात कुंडीत उभी असते ना, तीच. माझ्या रसात विष आहे. चावलं की तोंड सुजतं. हे मी कधी लपवलं नाही. मला कुणी विचारलंच नाही.

बारांकिया शहरातल्या एका रोपवाटिकेत मी वाढले. दोन्या निदियांनी, म्हणजे निदियाबाईंनी, शिवणकाम सोडलं, त्या आठवड्यात त्या मला घरी घेऊन आल्या. "कुठे ठेवू हिला?" त्यांनी विकणाऱ्याला विचारलं होतं. "कुठेही ठेवा, दोन्या, शोभून दिसेल!" झालं! त्यांनी मला जमिनीवर ठेवलं, टिंटोच्या गोधडीशेजारी. टिंटो म्हणजे त्यांचं कुत्र्याचं काळं पिल्लू. चप्पल, उशी, टेबलाचा पाय, दिसेल ते चावायचं. आता माझी पाळी येणार हे मला दिसत होतं, पण मी करणार काय?

एका दुपारी त्याने माझं पान ओरबाडलं. लगेच केकाटायला लागला. लाळेच्या धारा, जीभ सुजलेली. दोन्या निदिया धावत आल्या, पण माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तडक दारात जाऊन समोरच्या फर्मिनवर ओरडल्या, "तूच काहीतरी घातलंस याला! परवा म्हणालास ना, याचं भुंकणं बंद करतो म्हणून?"

"अहो, वैतागून बोललो! मुक्या जिवाला विष घालीन का मी?"

मी घातलं, मी! आतल्या आत किती ओरडले. ऐकतं कोण?

तरी फर्मिननेच टिंटोचं तोंड नळाखाली धुतलं, टॅक्सी थांबवली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी टिंटोच्या दातातून हिरवा तुकडा काढला आणि दोन्या निदियांच्या तळहातावर ठेवला, असं मी नंतर ऐकलं.

टिंटो वाचला. दुसऱ्या दिवशी दोन्या निदिया मला कडेवर घेऊन फर्मिनच्या दारात उभ्या.

"काल सगळ्या गल्लीसमोर बोललात मला," तो म्हणाला.

"मग आजही गल्लीला ऐकू दे." त्या वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "फर्मिनने काही केलं नाही! चूक माझी!" मग हळूच, "ही ठेव तुझ्याकडे. तुझ्या घरात ना कुत्रं, ना मांजर."

आता मी फर्मिनच्या खिडकीत आहे. एकटा माणूस. परवापासून गल्लीतल्या एका मांजरीला मासळी घालतोय. काल ती माझ्या पानाला नाक लावून गेली. "ही शहाणी आहे, टिंटोसारखी नाही," म्हणत तो हसला.

अहो, हसू नका! मला उचला. उंच टांगा, नाहीतर देऊन टाका कुणाला. पण आत्ता उचला, ती खिडकीवर चढतेय.