बोटांची पाठ

बाबांनी सकाळीच बजावलं होतं, "आज जमलं नाही तर दुकानाला कुलूप." एकदा बोलले की बोलले. हट्टाच्या बाबतीत बाप आणि लेक एकाच ताग्यातले.

चाळीस वर्षं शिवणकाम केलेला त्यांचा उजवा हात दुखण्यानंतर बधिर झाला होता. कात्री धरता यायची, पण हाताला कापड कळत नव्हतं. आणि कापड न कळणारा शिंपी म्हणजे नुसता मशीन चालवणारा, असं त्यांचंच म्हणणं.

लेक प्रयोगशाळेत मऊ कृत्रिम कातडी बनवायची. बाबांसाठी तिने जीव ओतून कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ टोपणं केली होती. ती बोटांवर चढवायची. पुढच्या बाजूच्या कातडीला स्पर्श झाला की दंडावरच्या पट्ट्यातले इवलेसे फुगे फुगून दंडाला तो कळवायचे. दंड अजून शाबूत होता. पंधरा दिवस सरावही झाला होता.

डोळे मिटून, नुसत्या स्पर्शाने कापड ओळखायला बाबा दुकानातल्या टेबलाशी बसले. लेकीने पहिला तुकडा सरकवला. बाबांनी हात उलटा करून बोटांची पाठ त्यावरून फिरवली.

"बाबा, असं नाही हो! पुढून दाबा. कातडी पुढे आहे."

बाबांनी गरीब गाईसारखं पुढून दाबलं. "लोकर?"

ते रेशीम होतं. दुसरा तुकडाही चुकला, तिसराही.

"सगळंच पोतं लागतंय गं, भिंगरी," बाबा म्हणाले आणि त्यांचा हात टेबलावरच्या कुलपाकडे गेला.

बटणं निवडत बसलेल्या आईला राहवलं नाही. "अगं शहाणे, ह्यांनी कधी बोटांच्या टोकांनी कापड पाहिलंय? सुया टोचून टोचून टोकांचे दगड झालेत. तुला ताप आला तरी बोटांची पाठच लावायचे गालाला, खरचटेल म्हणून."

लेकीने कपाळावर हात मारला. त्याच बोटांखाली वाढली, एवढी शिकली, आणि पंधरा दिवस बापाला नको तिथे दाबायला लावत होती! कापड ओळखायची त्यांची सवय दाबायची नव्हतीच, पाठ हलकेच फिरवायची होती. तिने पाचही टोपणं काढून कातडी पाठीकडे येईल अशी उलटी चढवली.

बाबांनी पहिल्या तुकड्यावरून बोटांची पाठ हलकेच फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली.

"रेशीम," ते म्हणाले. "आणि हे सुती. एकदा धुतलेलं. कोणी धुतलं? कडा आवळल्यात."

"मीच," आई म्हणाली. "बोला आता काय बोलायचं ते."

डोळे मिटलेलेच ठेवून बाबांनी हात पुढे केला. बोटांची पाठ लेकीच्या गालाला लागली. ते दंडाकडे कान दिल्यासारखे स्तब्ध बसले.

"गाल वर चढलाय," ते म्हणाले. "हसतेयस."

ती रडतही होती, पण ते सांगणारा फुगा तिने अजून बनवला नव्हता.

"उद्या नऊला उघडू," बाबा म्हणाले आणि त्यांनी कुलूप खणात टाकलं.