विळ्यावरची लाली

बुलढाण्याच्या प्रशिक्षणातून जानरावला काय मिळणार होतं, ते त्याने मोटारीत बसण्याआधीच मनाशी मांडून ठेवलं होतं. चार दिवस सरकारी जेवण आणि जाण्यायेण्याचं भाडं, हे किरकोळीत. खरी कमाई पुढेच होती. जळगाव जामोदजवळच्या त्याच्या गावात पानमळेवाल्यांची सहकारी संस्था निघाली, तेव्हापासून भगवंतराव अध्यक्ष होते; का, तर पहिल्या बैठकीला खुर्ची त्यांच्या घरून आली होती. आता वेलींवर करपा पडला होता. पानांवर काळे डाग यायचे, टोपलीत भरेपर्यंत निम्मी पानं फेकण्याजोगी व्हायची. त्यावर सरकारजवळ निळं औषध आहे, असं नव्या पंचायत समितीतून कळलं. ते औषध करता येणारा गावात एकच माणूस असला, तर खुर्ची कोणाच्याही घरची असेना, तिच्यावर बसणार कोण ते सांगायला नको.

जानराव शिकला मात्र जीव लावून. मोरचूद एका मडक्यात भिजवायचं, चुना दुसऱ्यात कालवायचा, मग दोन्ही एकदम तिसऱ्यात ओतायचे. चुन्याचं नाव निघताच तोंडात विडा असलेले सगळे पानमळेवाले हसले. शिकवणारे साहेब हसले नाहीत. त्यांनी राखेने घासलेला विळा त्या निळ्या पाण्यात बुडवून धरला, बाहेर काढला आणि पातं सगळ्यांना दाखवलं. पात्यावर तांबडी लाली चढली होती.

"ही लाली आली म्हणजे औषध कच्चं आहे. असंच फवारलंत तर पानं जळतील. लाली येईनाशी होईपर्यंत चुना घालत जा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. आणि गावात जाऊन सगळ्यांना शिकवा."

परतीच्या वाटेवर जानराव या शेवटच्या वाक्याला अडला. सगळ्यांना शिकवलं, की सगळ्यांना येणार. सगळ्यांना आलं, की जानराव म्हणजे पुन्हा गीताबाईच्या बांधाला लागून मळा असलेला जानराव. साहेबांचं मन मोडणंही बरं नव्हतं. तेव्हा खांडव्याच्या बाजूने ढग दाटून आलेले बघत बघत त्याने ठरवलं, की सगळं शिकवायचं. विळा तेवढा आपल्या हातात ठेवायचा.

तसंच केलं. मडकी, मोरचूद, चुना, ढवळायची काठी, सगळं त्याने संस्थेच्या माणसांकडून घोकून घेतलं. शेवटी विळा बुडवायचा तो मात्र स्वतः. बाहेर काढून सदऱ्याच्या आड पातं बघायचा, कधी "हं" म्हणायचा, कधी वाटीभर चुना आणखी घालायचा.

"जानरावभाऊ, विळ्यात काय पाह्यता?" दयारामने विचारलं. दयाराम संस्थेचा पंप चालवायचा आणि त्याला कशाचंही कारण लागायचं.

"ते पाह्यनाऱ्यालेच दिसते बे."

"आमाले काऊन नाई दिसत?"

या काऊनचा जानरावला दुसऱ्याच दिवशी कंटाळा आला. देवासमोर माणसं काऊन विचारत नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. प्रत्येक मळ्यात बांधावर शेंदूर फासलेला देवीचा दगड होताच. त्याने विळा बुडवताना त्या दगडाकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि ओठ हलवले. ओठांत तेराचा पाढा होता. विळा तेवढा वेळ पाण्यात राहावा लागतो. पाढा संपला, की देवीला हात जोडायचे. दयारामचं काऊन बंद झालं. मळ्यात तसेही सगळे अनवाणीच जात. आता विळा बुडताना खोकलाही दाबून धरू लागले.

त्या वर्षी वेली हिरव्यागार राहिल्या. जानरावला ज्याच्या त्याच्या मळ्यात बोलावणं, चहा, नारळ. त्याची बायको सोजराबाई एवढंच म्हणाली, "नारळं लय झाले. तेवढं लालीचं सांगून टाका ना लोकायले."

"खुर्ची भेटली का सांगतो."

पण संस्थाही शिकत होती. वर्षभर जे जे दिसलं ते ते तिने आत्मसात केलं होतं: अनवाणी पाय, राखेने घासलेला विळा, मिटलेले डोळे, हलणारे ओठ. दिसलं नव्हतं ते शिकण्याचा प्रश्नच नव्हता. निवडणुकीच्या बैठकीत भगवंतराव आपल्या घरच्या खुर्चीतून उठले.

"जानरावचे उपकार हायेत आपल्यावर. पन विद्या एकाच मानसाच्या हातात ठेवली, न उद्या त्याले ताप आला, तं संस्थेनं काय करावं? विळा संस्थेचा. संस्थेचा म्हंजे अध्यक्षाचा. अन् मानाची पयली फवारनी जानरावच्याच मळ्यात. पटते का?"

सगळे हात वर गेले. मान मिळालेल्या माणसाने हात खाली ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून जानरावचाही गेला. अध्यक्ष भगवंतरावच राहिले.

फवारणीच्या दिवशी सगळी संस्था जानरावच्या मळ्यात जमली. भगवंतरावांनी डोळे मिटले. ओठांत काय म्हणायचं ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांनी येत होती ती आरती पूर्ण म्हटली. तेराच्या पाढ्यापेक्षा ती लांब होती. विळा निघाला तो पार लालभडक.

"शेंदूर चढला!" दयाराम ओरडला. "माय पावली! पारसाली जानरावभाऊले असा कधी आला नाई."

आला होता. जानराव सदऱ्याआड धरायचा. समोर त्याच्या वेली उभ्या होत्या, शेवरीच्या खोडांवर नुकत्या चढवलेल्या, कोवळ्या लुसलुशीत पानांच्या. वर्षाचं पोट त्या पानांवर होतं.

"भाऊ," तो म्हणाला, "वाटीभर चुना टाका अजून."

"काऊन?" भगवंतरावांनी विचारलं.

"देवी मांगून राह्यली."

"देवी तं राजी होऊन लाल झाली. ते पाह्य."

खरं सांगायचं, तर वर्षभराच्या नारळांचं काय, हा प्रश्न होता. नाही सांगायचं, तर वेलींचं काय. जानरावने एकदा पानांकडे बघितलं, एकदा लोकांकडे, आणि सांगून टाकलं.

"लाली म्हंजे औषध कच्चं हाय. पानं जळतीन. बुलढान्याले साहेबानं सांगतलं."

"मंग पारसाली डोये मिटून काय म्हनत होते?" दयारामने विचारलं.

"पाढे."

सगळे हसले, आणि हसता हसता त्यांचे चेहरे बदलले.

"खुर्ची गेली तं मानूस देवीसमोर बी पाढे म्हनते," भगवंतराव शांतपणे म्हणाले. "हान बे दयाराम पंप."

दयारामने पंप हाणला. जानराव आडवा आला नाही. मानाच्या फवारणीला आडवं येण्याची रीत नव्हती.

तीन दिवसांत मळा तपकिरी झाला. पानं कडेकडेने वाळून चुरचुर वाजू लागली. संस्था बघायला आली आणि तिने आपला धडा तिथेच घेतला: जानराव ऐन वेळी अभद्र बोलला म्हणून असं झालं. पुढच्या मळ्यात विळा बुडताना कोणी तोंड उघडायचं नाही. जानराव मान खाली घालून ऐकत होता. त्याला एकच दिसत होतं, की उद्या दयारामचा मळा, परवा गीताबाईचा, आणि आता खरं सांगण्याची सोयच उरली नव्हती.

तेवढ्यात सोजराबाई जळकी पानं ओच्यात भरून पुढे आली. तिने ती देवीच्या दगडापुढे ओतली आणि भगवंतरावांकडे वळली.

"भाऊजी, तुमी तं शहाने. मले एक सांगा. राजी झालेल्या मानसाचे डोये लाल होतेत का रागावलेल्याचे?"

भगवंतरावांनी विडा या गालातून त्या गालात घेतला.

"माय तुमच्याकडं लाल होऊन पाहून राह्यली, न तुमी आरती म्हनून राह्यले. पानवेलीच्या मायले काय लागते? चुना! राग उतरेपावतर चुना वाहा. लाली गेली का समजा, माय थंडी झाली."

कोणी काऊन विचारलं नाही. एवढं सरळ कारण गावाला कधीच कोणी सांगितलं नव्हतं.

"मंग हे जानरावनं काऊन नाई सांगतलं?" दयाराम शेवटी पुटपुटला.

"त्यायले काय समजते?" सोजराबाई म्हणाली. "ते पाढे म्हनत होते."

दुसऱ्या दिवशी दयारामच्या मळ्यात विळा लाल निघाला. भगवंतरावांनी देवीला चुना वाहिला, म्हणजे मडक्यात ओतला. विळा राखेने घासून पुन्हा बुडवला, पुन्हा थोडा लाल. पुन्हा चुना. तिसऱ्यांदा पातं स्वच्छ निघालं आणि सगळ्यांनी हात जोडले. त्या वर्षी बाकी एकाही मळ्यातलं पान जळलं नाही.

पुढच्या साली साहेब पाहणीला आले. प्रत्येक मळ्यात, न चुकता, लाली जाईपर्यंत चुना पडताना त्यांनी बघितला. इतकं काटेकोर काम त्यांनी जिल्ह्यात कुठे बघितलं नव्हतं. त्यांनी भगवंतरावांचा हात हातात घेतला. "इतक्या खोलवर कसं रुजवलंत हो हे?"

"मायची कृपा," भगवंतराव म्हणाले. साहेबांना हा विनय वाटला.

मागे उभा असलेला जानराव मनाशी हिशेब मांडत होता. मोरचूद सरकारने दिलं होतं, पंप संस्थेने, आरती भगवंतरावांनी. देवी रागावली ती ज्याच्यामुळे, त्याने दर साली सगळ्या मळ्यांचा चुना आपल्या पदरचा द्यावा, असा ठराव होता. जानराव चुन्याचं टोपलं घेऊन उभा होता. अकलेचे पैसे मात्र कोणालाच पडले नव्हते. ती सोजराबाईची होती.