हरलेल्या सामन्याची काठी

मी काठी बोलतेय. नाक मुरडू नका. कपडे वाळत घालायची नव्हे, स्नूकरची काठी. तीस वर्षं एकाच हातात राहिले आणि त्याचा तोरा मी खुशाल मिरवते.

माझा जन्म सुतारकामाच्या खोलीतला. जिन्याच्या कठड्यासाठी आणलेल्या लाकडातून एक सरळ पट्टी उरली. सुतारबाबांनी तिला रंधा मारून, घासून लेकीसाठी मला घडवलं, टोकाला चामड्याची टिकली चिकटवली. लेक तेव्हा टेबलाला जेमतेम पुरायची, म्हणून मीही आखूड. ती उंच झाली तसा बाबांनी मागून एक तुकडा जोडला. तो सांधा आजही बोटाला लागत नाही. आहे का कुणाची अशी कारागिरी?

लेक पुढे व्यावसायिक खेळाडू झाली. काठ्या फिरवून कुणाचं भलं झालंय, असं आत्या म्हणायची. लेक मात्र रोज सहा तास सराव करायची. हात धुतल्याशिवाय मला शिवायची नाही. एखाद्या दिवशी केस विंचरायचे राहतील, पण मला पुसायचं राहायचं नाही.

मग तो सामना आला. जिंकली तर व्यावसायिकांच्या यादीत राहणार, हरली तर नाव कटणार. शेवटच्या डावात टेबलावर पांढऱ्याशिवाय एकच चेंडू उरला, सात गुणांचा काळा, आणि तोही पॉकेटच्या तोंडाशी. ती चारच गुणांनी मागे. समोरच्या खेळाडूने तर पाण्याची बाटली पिशवीत टाकलीसुद्धा.

ती वाकली. नेम धरताना मी पुढेमागे होत होते आणि, काय सांगू, माझी टिकली पांढऱ्याला निसटती लागली. फटका मारण्याआधीच काठी लागली की तो फाऊल. काळ्यावर फाऊल म्हणजे सामना गेला. पंच पलीकडे उभे होते, कुणालाच काही दिसलं नव्हतं. मार ना, मी मनात म्हणत होते, कुणाला कळतंय!

ती सरळ उभी राहिली. "सर, काठी लागली."

"मला तरी दिसलं नाही," पंच म्हणाले.

"लागली," ती म्हणाली आणि समोरच्याशी हात मिळवायला गेली.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "कुणी बघितलं होतं का?"

"नाही. पण तुमच्या काठीला ठाऊक होतं ना, बाबा."

मला माझीच लाज वाटली. बाबांनी मला मांडीवर घेतलं आणि नवी टिकली बसवली. दुसऱ्या दिवशी शेजारी म्हणाले, लेक हरली म्हणे. बाबांनी रंधा थांबवला नाही. "हरली. कशी हरली ते विचारा."

वर्षभर पात्रता फेऱ्या खेळून ती यादीत परतली आणि पुढे बारा वर्षं खेळली. आता मी चषकांशेजारी कपाटात असते. या काठीने किती सामने जिंकले, असं पाहुणे विचारतात. ती त्यांना तो हरलेला सामना सांगते.

वय झालं की लाकूड वाकतं म्हणतात. या, मला डोळ्यासमोर धरून बघा. फक्त आधी हात धुऊन या.