तातेराव मापाऱ्याची मोजणी

तातेरावांनी तिसरा खडा गुडघ्यापाशी ठेवला.

"साठ," ते म्हणाले. "बोल पुढं."

शीतलनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. गोरेगावच्या माळावर ऊन उतरलं होतं आणि कमरेएवढ्या पिवळ्या गवतावर एक भोवत्या अगदी खालून घिरट्या घालत होता. थंडीच्या तोंडावर हे शिकारी पक्षी हिमालयापलीकडून येतात, दिवसभर रानोमाळ उंदीर-टोळ धरतात आणि सांज झाली की सगळे या एकाच गवतात मुक्कामाला उतरतात. उतरला की मोजायचा. उडता मोजायचा नाही, नाहीतर एकच पठ्ठ्या चारदा मोजला जातो.

"बसला."

"एकसष्ट."

घार कोणती, भोवत्या कोणता, हे लेकीनं ओळखून सांगायचं आणि दर विसाला एक खडा ठेवत आकडा बापानं धरायचा, अशी कामाची वाटणी होती. आजवर शहरातली मंडळी येऊन मोजून जायची. यंदा शीतल ग्रामसभेत ताडकन उभी राहिली. म्हणाली, आमचा माळ आमी मोजू. आकडा कोण धरणार, असं कुणीतरी हसत विचारलं, तेव्हा तिनं बापाचं नाव घेतलं. त्या दिवशी तातेराव जेवले कमी आणि बोलले जास्त.

बोलणारच की! एके काळी पंचक्रोशीतल्या खळ्यांवरची रास त्यांच्या हातानं मोजली जायची. भावाभावांच्या वाटण्या त्यांच्या आकड्यावर मिटायच्या, मागे कुणी हूं की चूं करायचं नाही. मग मळणीयंत्रं आली, माल रानातूनच पोत्यांनी जाऊ लागला आणि मापाऱ्याला कुणी बोलावेना. शीतलनं बापाचं ते काम कधी पाहिलंच नव्हतं.

मागे बांधावर भागवत बसून होता. ग्रामसभेत अट त्यानंच घातली होती. गेल्या साली चौसष्ट पक्षी भरले. यंदा त्याहून एक जरी कमी भरला, तर गवत कापायचं. "माझी जनावरं काय तुमच्या पाखराकडं बघून पोट भरतील?" असं त्यानं विचारलं होतं आणि त्याचंही खोटं नव्हतं. गावानं मान डोलावली. उद्या सकाळसाठी विळ्यांना धार लावून झाली होती.

गवत गेलं तर हे पक्षी कुठं उतरतील, शीतलला ठाऊक नव्हतं. इथे पुन्हा येणार नाहीत, एवढं मात्र ती जाणून होती.

"बसला."

"बासष्ट."

"बसला!"

"त्रेसष्ट. ओरडू नको, उठतील ते."

मग आभाळ रिकामं झालं. पश्चिमेचा तांबडा रंग विटत गेला. शीतलनं डोळ्यांना पाणी येईस्तोवर वाट पाहिली. एक टिटवी ओरडत गेली, पण टिटवी काय कामाची? शेवटी दुर्बिणीत गवत आणि आभाळ वेगळं दिसेना.

"बाबा, एखादा नजरेतून सुटला असंल," ती हळूच म्हणाली.

"असंल. पण तू बसला म्हणाली न्हाईस."

"एकच तर कमी हाय."

"एक म्हंजे थोडा झाला व्हय गं?" तातेरावांचा आवाज चढला. "या तोंडानं जल्मात एक माप वाढवून सांगितलं न्हाई. आता पाखरासाठी सांगू?"

शीतलला रडू येत होतं. आणि त्याच वेळी या म्हाताऱ्याचा असा अभिमान वाटत होता की छातीत मावेना. ती उठली, भागवतकडे वळली.

"त्रेसष्ट, काका," ती ताठ मानेनं म्हणाली.

भागवत जवळ आला. त्यानं ते तीन खडे पाहिले, तातेरावांकडे पाहिलं. बराच वेळ तो मान खाजवत राहिला.

"मापारी, पहिलं माप धरलं का?"

तातेरावांनी दचकून स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"कसलं पहिलं माप?" शीतलनं विचारलं.

"खळ्यावर पहिलं माप देवाचं असतंय, पोरी. भरायचं, हात जोडायचे, बाजूला ठेवायचं. मोजणी दुसऱ्यापासून. माझ्या बापाची रास यांनी तशीच मोजली." भागवतनं गवताकडे हात केला. "अन् मघाशी पहिलं पाखरू उतरलं, तवा यांनी हात जोडले. मी बघून राहिलो होतो न."

तातेरावांचा चेहरा पार उतरला.

"जोडले खरं," ते म्हणाले. "त्याचा आकडा धरलाच न्हाई, एक म्हणालो ते दुसऱ्याला. हाताची सवय, दुसरं काय..." मग घाईघाईनं म्हणाले, "पण राहू दे भागवत. आता वाढवला तर लोक म्हणतील, लेकीसाठी म्हातारा फिरला."

"लोक म्हणणार काहून? गवत पायजे कोणाला होतं? मला. म्हणायचं तर मीच म्हणंल."

तो सडकेकडे वळला. तिथे आकडा ऐकायला गाव जमला होता.

"चौसष्ट भरले रे!" भागवत ओरडला. "गवताला हात लावू नका!"

"बराबर मोजले का?" तिकडून आवाज आला.

"तातेराव मापाऱ्यानं मोजले!"

सडकेवरून पुन्हा कुणी काही विचारलं नाही.