उंबऱ्याबाहेरची जागा

पहिला हॉर्न.

शाळेची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी आली. धम्मदीप युनिफॉर्म चढवून, बूट घालून कॉटखाली शिरला होता. सात वर्षांचं पोरगं, पण शाळेचं नाव निघालं की लाकडासारखं ताठ व्हायचं.

आज काय ते ठरवणं भाग होतं. पंधरवडा झाला, त्याची आई मनिषा त्याला घरीच शिकवत होती. ती बी.एड. झालेली, तिच्यापुढं पोरगं घडाघडा वाचायचं. शाळेचा निरोप आला होता: सोमवारी आला नाही तर नाव काढू.

आज सोमवार.

"काढू द्या," मनिषा म्हणाली. "मी शिकवते घरी."

तिच्या नवऱ्यानं, नागसेननं, हातातला शर्ट तसाच धरला. "अख्ख्या सेलूत आपलंच लेकरू शाळा सोडायलंय."

"सोडत न्हाई तो. घरी शिकायलाय."

"तेच ते!"

दुसरा हॉर्न.

सकाळची वंदना आटोपून चांगुणाबाई उठल्या. मनिषाला भीती होती ती त्यांचीच.

"मला पाचवीपतूर दाराभाईर बसवलं, चपलांपाशी," सासू म्हणाली. "पाऊस लागला तरी मास्तर आत घेईना. तरी म्या शाळा सोडली न्हाई. अन् तू, बाई, आत बसणाऱ्या लेकराला घरी बसवायलीस? भेतंय कशाला ते तरी इचार!"

"लय विचारलं, आत्याबाई. सांगतच न्हाई."

चांगुणाबाई कॉटपाशी वाकल्या. "दीपा, शाळा-शाळा खेळू. मी बाई. ही खोली तुझा वर्ग. बस बरं तुझ्या जागेवर."

धम्मदीप बाहेर आला. दप्तर घेतलं. खोलीभर जागा मोकळी. ती सगळी ओलांडून तो उंबऱ्याबाहेर गेला आणि चपलांशेजारी मांडी घालून बसला.



"तिथं का रं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"वाचताना अडखळतो म्हणून. बाई म्हणतात, नीट यायला लागलं की आत ये."

तिसरा. लांबलचक.

"काढून टाका नाव," चांगुणाबाईंचा आवाज फाटला. "घरीच शिकव त्याला. आजपासून."

झालं. मनिषाच्या मनासारखं झालं. आणि नेमकं आता ते तिच्या घशाखाली उतरेना. असंच घरी ठेवलं तर? बाहेर बसवलेलं पोरगं, बाहेरच्या बाहेर परत आलेलं.

"व्हॅन जाऊ द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "ऑटो बोलवा."

"अन् घरी शिकवायचं?"

"शिकवणार. उद्यापासून. आज त्याला वर्गात बसवायचं, बाकावर, सगळ्यांच्या देखत. मग आतनं हात धरून आणीन मी. दाराभाईरनं न्हाई आणायची."

"अन् त्यांनी आत घेतलंच न्हाई तर?"

मनिषानं पदर खोचला.

चांगुणाबाई चपला शोधत दाराशी आल्या. धम्मदीप अजून तिथंच बसलेला. आजीला पाय टाकता यावा म्हणून तो सवयीनं जरासा सरकला.